बोंबलावरचं सगळं कुठे सापडतं? संदर्भशोधाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.चा प्रकल्प ठरला की गाइडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आधी लिटरेचर सर्व्हे करून आण." तो कसा करायचा हे बहुतेक जण सांगत नाहीत, कारण त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं. मग मुलं गूगलवर विषयाचं नाव टाकतात, पहिल्या पानावर आलेले पेपर उतरवून घेतात आणि सिनॉप्सिसमध्ये "या विषयावर फारसं काम झालेलं नाही" असं लिहून मोकळी होतात. कॉलेजच्या ग्रंथालयात टेबलापलीकडे बसून हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय, की आता ते दिसलं की एकच विचारते: "कुठे कुठे पाहिलंस, ते दाखव."

त्या प्रश्नाला नीट उत्तर देता यावं यासाठी हा लेख. निसर्गविज्ञानात पहिल्यांदा संशोधन करणाऱ्यांसाठी आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवते: बोंबील. मासा मुंबईच्या घरातला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळं ठाऊक आहे असं आपल्याला वाटतं आणि त्याच्यावरचं लिखाण मात्र चार दिशांना पांगलेलं आहे. तुमचा विषय तिवराचं झाड असो, बेसॉल्ट असो की खाडीतलं पाणी, पायऱ्या याच.

१. विषयाचा प्रश्न करा

"बोंबील" हा विषय झाला. त्यावर शोध घेतलात तर स्वयंपाकापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळं अंगावर येईल. "वेसाव्याला उतरणाऱ्या बोंबलाच्या पोटात कोणतं खाद्य सापडतं आणि मासेमारी बंदीच्या आधी आणि नंतर त्यात फरक पडतो का?" हा प्रश्न झाला.

प्रश्न बारीक करायला ग्रंथालयशास्त्रातलं एक जुनं हत्यार फार उपयोगी पडतं. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ साली त्यांनी कोलन वर्गीकरण मांडलं. पुढे त्यांनी कोणत्याही विषयाचे पाच पैलू पाडून दाखवले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा म्हणजे क्रिया, अवकाश आणि काळ. त्यांनी हे पुस्तकं लावण्यासाठी केलं, पण प्रश्न तासायलाही ते तितकंच चालतं. आपल्या उदाहरणात व्यक्तित्व म्हणजे बोंबील, द्रव्य म्हणजे पोटातलं खाद्य, क्रिया म्हणजे खाणं, अवकाश वेसावे आणि काळ बंदीच्या आधीचा नि नंतरचा. एका कागदावर हे पाच रकाने आखा. एखादा रकाना रिकामा राहिला तर तिथे तुमचा विषय अजून कच्चा आहे. गाइडकडे परत जायची वेळ ही आहे, सहा महिन्यांनंतरची नाही.

काळाचा रकाना भरताना व्यवहारही बघा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ऐन जुलैतले नमुने लागतील असा प्रश्न घेतलात तर बंदरावर जाऊन रिकाम्या बोटी मोजाव्या लागतील.

२. नावांचा कागद

इथे घाई नको. निम्मं काम इथेच होतं किंवा इथेच बिघडतं.

बोंबलाचं आजचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरिअस. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या मुलखातल्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा त्याला ऑस्मेरस नेहेरिअस म्हटलं होतं. नंतर त्याची प्रजाती, म्हणजे जीनस, बदलली. मधल्या काळातल्या कितीतरी भारतीय पेपरांत स्पेलिंग हार्पोडॉन असं आहे, म्हणजे मधल्या 'ए'च्या जागी 'ओ'. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० साली बोंबलावर एक स्वतंत्र बुलेटिन काढलं, त्याच्या शीर्षकातही हे 'ओ'वालं स्पेलिंग आहे. तुम्ही फक्त आजचं नाव टाकलंत तर बोंबलावरचं हे महत्त्वाचं काम तुमच्या हातून निसटू शकतं आणि "फारसं काम झालेलं नाही" हे वाक्य पुन्हा जन्माला येतं.

म्हणून कागदावर उभी यादी करा. आजचं शास्त्रीय नाव, जुनी नावं, स्पेलिंगचे फरक. मग बोलीतली नावं: बोंबील, इंग्रजीतलं बॉम्बे डक आणि बुम्मालो, गुजरातीतलं बुमला, बंगालीतलं लोइट्टा. बंगाली नाव कशाला, असं विचाराल. हा मासा गुजरात आणि उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर भरपूर मिळतो, मग मोठी फट पडते आणि पुन्हा बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात तो भरपूर दिसतो. त्यामुळे त्याच्यावरचं बरंच काम कोलकाता आणि बांगलादेशातून झालेलं आहे.

जुनी नावं शोधायला डोकं खाजवावं लागत नाही. समुद्री जिवांसाठी 'वर्म्स' नावाची जागतिक नोंदवही आहे, माशांसाठी 'फिशबेस' आणि कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसची एशमेयर यांच्या नावाने चालणारी मत्स्यसूची आहे, वनस्पतींसाठी क्यू उद्यानाची 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'. सगळ्या फुकट. नाव टाकलं की खाली समानार्थी नावांची यादी येते, ती तशीच कागदावर उतरवा.

आता एक बारीक खूण, जी पदवीपर्यंत क्वचितच कुणी समजावून सांगतं. प्राण्याच्या नावापुढे लेखकाचं नाव आणि वर्ष असतं. ते कंसात असेल तर समजायचं की त्या लेखकाने ही जाती वेगळ्या प्रजातीत टाकली होती आणि नंतर कुणीतरी ती हलवली. बोंबलाच्या नावापुढे हॅमिल्टन, १८२२ हे कंसात असतं, ते ऑस्मेरसमुळे. आम्हा ग्रंथपालांच्या जुन्या तालिकापत्रांवर 'अमुक पाहा' अशी नोंद असायची, हा कंस तेच काम करतो: मागे आणखी एक नाव आहे, तिकडे जाऊन या.

शेवटचा रकाना गावांच्या नावांचा. बॉम्बेचं मुंबई १९९५ साली झालं, पण जुने पेपर बॉम्बेच म्हणणार. वसईला बसीन, साष्टीला सालसेट, ठाण्याला थाना, वेसाव्याला वर्सोवा. खाडीवर काम करणाऱ्यांना ही यादी माशांच्या नावांइतकीच लागते.

३. जुनं म्हणजे शिळं नव्हे

"गेल्या पाच वर्षांतलेच रेफरन्स द्या" असा एक नियम सगळीकडे फिरतो. सगळ्या विज्ञानांना तो सारखा लागू करणं मला पटत नाही. बर्टन आणि केब्लर या दोघांनी १९६० साली भौतिकशास्त्रातली अर्धायुष्याची कल्पना उचलून वाङ्मयाला लावली: एखाद्या शाखेत ज्यांचा संदर्भ दिला जातो त्या लेखांपैकी निम्मे किती वर्षांच्या आतले असतात? त्यांच्या मोजणीत भौतिकशास्त्राचं उत्तर ४.६ वर्षं आलं, वनस्पतिशास्त्राचं १०, भूविज्ञानाचं ११.८. आकडे आज बदललेले असतील, पण शाखाशाखांत फरक असतो हे त्यांनी दाखवलं ते खरंच आहे.

वर्गीकरणाच्या अभ्यासात तर जुनं कधीच बाद होत नाही. प्राण्यांच्या नावांचा हिशेब लिनेयसच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून सुरू होतो, वनस्पतींचा १७५३ सालापासून आणि आधी दिलेल्या वैध नावाचा मान पहिला. आज नवीन जाती जाहीर करणाऱ्याला दीडदोनशे वर्षांपूर्वीचं पान उघडावंच लागतं.

मुंबईतलंच एक उदाहरण सांगते, मासा सोडून. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ त्या नोंदींत सापडलं आणि त्यावर २००३ साली पेपर निघाला. त्या वेळी कुलाब्यात क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलं होतं. कुणीतरी तासातासाने आकडे लिहिले, कुणीतरी त्या वह्या जपल्या, आणि १४४ वर्षांनी विज्ञान पुढे सरकलं. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून ही मोजणी अलिबागला हलवली गेली. म्हणून १९०४ च्या आसपासचे आकडे वाचताना ठिकाण कोणतं ते आधी बघायचं.

४. कपाट कोणतं?

ऑनलाइन बसण्याआधी तासभर कपाटांपुढे उभे राहा. विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावायच्या ड्युई पद्धतीत एकच बोंबील किती ठिकाणी राहतो बघा: प्राणी म्हणून ५९७ ला, मासेमारी म्हणून ६३९.२ ला, सुकवून टिकवायचा पदार्थ म्हणून ६६४.९४ ला आणि कोळीवाड्याच्या अर्थकारणात ३३८ ला. म्हणजे पोटातल्या खाद्यावरचा अभ्यास एका मजल्यावर आणि वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलाचा दुसऱ्या. चारही ठिकाणी एकेक पुस्तक काढा, मागची सूची आणि संदर्भयादी चाळा. यातून जे शब्द मिळतात ते कोणत्याही सर्च इंजिनाला सुचत नाहीत. डोल जाळं हा शब्दच घ्या. बोंबील मुख्यतः या खुंटाला बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात येतो आणि इंग्रजी पेपरांतही ते 'डोल नेट' म्हणूनच छापतात. हा शब्द यादीत आला की शोधाला नवं दार उघडतं.

५. यंत्रापुढे बसल्यावर

पहिला पेपर कोणता वाचायचा? मी नेहमी सांगते, एखादा आढावा लेख किंवा थिसिस. पीएच.डी. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेली. २००९ च्या यूजीसी नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं विद्यापीठांना बंधनकारक झालं, त्यामुळे तिथे भरपूर साठा आहे. थिसिसमधलं दुसरं प्रकरण म्हणजे कुणीतरी तुमच्याआधी केलेला संदर्भशोध. तो उचलायचा नाही, तपासायचा. त्यातले मूळ पेपर काढून वाचायचे. न वाचलेला पेपर दुसऱ्याच्या यादीतून स्वतःच्या यादीत उतरवणं ही इतकी रुळलेली लबाडी आहे की तिच्यामुळे चुकीची पानं आणि चुकीची वर्षं पिढ्यान्पिढ्या चालत राहतात.

मग गूगल स्कॉलर. नेमका शब्दसमूह हवा तर तो अवतरणात टाका. समानार्थी नावं मोठ्या लिपीतल्या 'ऑर'ने जोडा, म्हणजे नव्या नावासोबत जुनं नावही येईल. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह द्या. बॉम्बे डक शोधताना रेसिपी वगळायला हे हमखास लागतं. शब्दाच्या शेवटी तारा लावून सगळी रूपं मागवायची सोय स्कॉलरमध्ये नाही. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या वर्गणीच्या संदर्भसूचींमध्ये आहे. आणि स्कॉलर वर "इतके हजार निकाल" दाखवत असला तरी पहिल्या १००० च्या पुढे जाऊ देत नाही. तेव्हा आकडा मोठा दिसला तर शब्द घट्ट करा, पानं उलटत बसू नका.

एक चांगला पेपर मिळाला की साखळी धरा. मागची साखळी सगळ्यांना कळते: त्या पेपरची संदर्भयादी. पुढची साखळी नवखे विसरतात: हा पेपर नंतर कुणी कुणी वापरला? वकिलांकडे एखादा जुना निवाडा पुढे कोणत्या खटल्यांत वापरला गेला ते दाखवणारी सूची असायची. तिच्यावरून यूजीन गारफिल्ड यांना कल्पना सुचली आणि १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. आज स्कॉलरमध्ये प्रत्येक निकालाखाली 'सायटेड बाय' असतं, ते त्याचंच पुढचं रूप. बोंबलावरचं १९७० चं बुलेटिन घेऊन ते दाबा, आणि पन्नास वर्षांत त्या कामाचं काय झालं ते उलगडत जाईल.

असं करताना लक्षात येईल की बरेचसे पेपर त्याच दोनचार जर्नलांतून येतात. लंडनच्या सायन्स म्युझियमचे ग्रंथपाल सॅम्युअल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली भूभौतिकी आणि वंगणांवरच्या लेखांची मोजणी करून हेच दाखवलं होतं: थोडी जर्नलं खूप लेख देतात आणि उरलेले लेख असंख्य जर्नलांत विखुरलेले असतात. मग युक्ती सोपी आहे. तुमच्या विषयाची गाभ्यातली जर्नलं ओळखा, भारतीय माशांसाठी १९५४ पासून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' त्यांत येणारच, आणि त्यांचे अंक सूचीनिशी ओळीने चाळा. शेपटाकडच्या विखुरलेल्या लेखांसाठी शोधशब्द ठेवा.

सरकारी अहवाल, परिषदांतले निबंध, संस्थांची बुलेटिनं यांना आम्ही करडं वाङ्मय म्हणतो. मासेमारीत हेच जास्त मोलाचं असतं आणि स्कॉलरला ते अर्धवटच दिसतं. सागरी मत्स्य संस्थेचं स्वतःचं खुलं भांडार ऑनलाइन आहे, तिथे थेट जाऊन शोधा.

चॅटबॉटबद्दल आता रोज विचारणा होते. शब्द सुचवायला, परका परिच्छेद समजून घ्यायला वापरा. संदर्भ मागू नका. तो खऱ्यासारखे दिसणारे, अस्तित्वात नसलेले पेपर देतो, लेखकाच्या नावासह. दिलाच तर त्याचा डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणारा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडून बघा. क्रमांक दुसऱ्याच पेपरवर उघडला किंवा उघडलाच नाही, तर संदर्भ खोटा.

६. गाडी पकडा

सगळं मोबाइलवर मिळत नाही, आणि मुंबईत तर ग्रंथालयात न जाणं हा करंटेपणा आहे.

चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरा आणि फोर्टात चाला. लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउसमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. १८८३ साली आठ जणांनी ती स्थापली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. तिचं जर्नल १८८६ पासून निघतं आणि पश्चिम भारतातल्या पक्षी, सरपटणारे प्राणी, मासे, वनस्पती यांच्यावर काम करणाऱ्याला ते टाळताच येत नाही. त्याचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात, पण संग्रहातल्या नमुन्यांसाठी तिथेच जावं लागतं. संग्रहातल्या नमुन्याची चिठ्ठी हाही संदर्भ आहे हे विसरू नका: कुठे, कधी, कुणी गोळा केला. झाडांवर काम असेल तर सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम याच कारणासाठी गाठायचं.

तिथून एशियाटिक सोसायटी. १८०४ ची संस्था, १८३३ सालचा टाउन हॉल. निसर्गविज्ञानाची मुलं या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि आत जात नाहीत. आत जुनी प्रवासवर्णनं, सर्वेक्षणं, गॅझेटिअर आहेत. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटिअर घ्या. मासे, जाळी, होड्या, कोळी यांची माहिती आहे आणि दीडशे वर्षांत किनारा किती बदलला याचा पाया तिथून मिळतो. सोसायटीच्या 'ग्रंथसंजीवनी' या डिजिटल भांडारातही डोकावा.

माशांवर काम करणाऱ्यांनी पश्चिम रेल्वेने अंधेरी गाठायची. वेसाव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ ची. मत्स्यविज्ञानाचं विशेष ग्रंथालय हवं तर हेच. विद्यापीठाचं कलिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय प्रबंधांसाठी. मराठीतली पार्श्वभूमी, जुनी नियतकालिकं हवी तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचं. मराठी परिभाषा अडली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच, प्रजाती कशाला म्हणायचं आणि जाती कशाला ते तिथे नीट कळतं.

जाण्याआधी फोन करा. संशोधन संस्थांच्या ग्रंथालयांत बाहेरच्या विद्यार्थ्याला कधी आणि कोणत्या कागदांवर प्रवेश आहे ते आधी विचारलेलं बरं. कॉलेजच्या लेटरहेडवर गाइड किंवा ग्रंथपालांचं पत्र आणि ओळखपत्र जवळ असलं की बहुतेक दारं उघडतात. पत्रात विषय एका वाक्यात असू द्या. जुन्या कागदांजवळ पेन्सिलच वापरायची, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. आणि काउंटरवर "बोंबलावर काही आहे का?" असं विचारू नका. पहिल्या पायरीतला कागद पुढे ठेवा आणि म्हणा, "सर, हा माझा प्रश्न, हे मी पाहिलंय, आता कुठे बघू?" रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तो वाचवायला ग्रंथपालांना हा कागद हवा असतो.

पुस्तकाबाहेरचाही एक साठा आहे. वेसाव्याला किंवा ससून डॉकवर सकाळी जाऊन मावशींशी बोला. "मावशी, हे बोंबील कुठचे?" एवढ्या प्रश्नाला येणारं उत्तर ऐकून बऱ्याच जणांच्या नमुन्यांची व्याख्या बदलते, कारण जिथे मासा विकला जातो तिथेच तो पकडलेला असतो असं नाही. पेपरांतही उतरवण्याचं बंदर आणि पकडीचं क्षेत्र वेगळं असू शकतं, ते वाचताना तपासा. अशी माहिती वापरायची असेल तर आधी परवानगी घ्या, तारीख आणि ठिकाण लिहा आणि प्रबंधात ती तोंडी माहिती म्हणूनच द्या.

७. पूर्ण पेपर कसा मिळवायचा

सारांश दिसतो आणि पुढे पैसे मागतात. तेव्हा या क्रमाने जा. स्कॉलरमध्ये त्या पेपरच्या 'सर्व आवृत्त्या' बघा, अनेकदा लेखकाने स्वतःच्या संस्थेत प्रत ठेवलेली असते. ब्राउझरला 'अनपेवॉल' जोडा, कायदेशीर खुली प्रत असेल तर तो दाखवतो. मग कॉलेज. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पहिल्या टप्प्यात सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. तुमचं कॉलेज त्यात बसतं का ते ग्रंथालयात विचारा. बसत नसेल तर ग्रंथालयांची आपसांतली देवघेव असते, डेलनेटसारख्या जाळ्यांतून. आणि सगळं हुकलं तर लेखकाला दोन ओळींचं पत्र लिहा. भारतीय शास्त्रज्ञ उत्तर देत नाहीत हा समज बराचसा चुकीचा आहे. आपला पेपर कुणाला तरी वाचायचाय याचा आनंद त्यांनाही होतो.

८. पाखडून घ्या

छापलंय म्हणून खरं, असं नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं भारतात चिक्कार आहेत. त्यांच्या ईमेलमध्ये "तीन दिवसांत प्रसिद्धी" असं असतं, तेवढ्यावरून ओळखायला हरकत नाही. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळे "यादीत आहे" म्हणून सुटका नाही. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांनी स्वतः त्या विषयात काय लिहिलंय, आधीचे अंक वाचण्यालायक आहेत का, हे बघावंच लागेल. याउलट, नाव मोठं नसलेल्या पण पन्नास वर्षं नियमित निघणाऱ्या भारतीय जर्नलाला कमी लेखू नका. आपल्या किनाऱ्यावरची मोजमापं तिथेच सापडतात.

मागे घेतलेले पेपरही तपासा. अशा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती २०२३ मध्ये डीओआय क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफने घेतली आणि सर्वांना खुली केली. झोटेरो हे संदर्भ जपायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर संग्रहातला पेपर मागे घेतला गेल्यास तो स्वतःच इशारा देतो.

पेपर वाचताना मी मुलांना क्रम उलटा सांगते: आधी पद्धत, मग तक्ते, मग निष्कर्ष, सारांश सर्वांत शेवटी. बोंबलाच्या खाद्यावरच्या अभ्यासात नमुना किती माशांचा होता, कोणत्या महिन्यांतला, रिकामी पोटं मोजली की सोडून दिली? बोंबील स्वतःच्या जातीचीही पिल्लं खातो. जाळ्यात दाटीवाटीने अडकल्यावर तोंडात आलेला मासा आणि समुद्रात खाल्लेला मासा यांत पेपराने फरक केलाय का? हे प्रश्न सारांश वाचून सुचत नाहीत.

९. शोधाची वही

संदर्भ ठेवायला झोटेरो घ्या. फुकट आहे, देवनागरी चालते. पहिल्याच दिवसापासून वापरा, कारण शेवटच्या आठवड्यात दोनशे पीडीएफांना नावं देणं म्हणजे शिक्षा आहे.

पण झोटेरो सापडलेलं जपतो. तुम्ही काय शोधलंत आणि काय सापडलं नाही हे तो लिहीत नाही, त्यासाठी वेगळी वही लागते. मला विचाराल तर या सगळ्या लेखातली हीच पायरी खरी. प्रत्येक बैठकीला एक ओळ: तारीख, कुठे शोधलं, नेमके कोणते शब्द टाकले, वर्षांची मर्यादा काय ठेवली, किती निकाल आले, किती ठेवले, बाकीचे कोणत्या कारणाने टाकले. ग्रंथालयात गेलात तर कोणत्या जर्नलाचे कोणते खंड चाळले आणि कोणता खंड गहाळ होता. आढावा लेखांसाठी २००९ मध्ये आलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली 'प्रिझ्मा' पद्धत नेमका हाच हिशेब मागते. प्रयोगवही नीट ठेवणारी मुलं शोधाची वही ठेवत नाहीत याचं मला नवल वाटतं. दोन्हींचा हेतू एकच: दुसऱ्या कुणाला तेच पुन्हा करून बघता यावं.

"या विषयावर काम झालेलं नाही" हे वाक्य ही वही असेल तरच लिहा, आणि तेव्हाही असं लिहा: अमुक तारखेपर्यंत, अमुक ठिकाणी, अमुक नावांनी शोधलं असता वेसाव्याच्या बोंबलाच्या खाद्यावर बंदीच्या आधी-नंतरची तुलना आढळली नाही. लांबलचक वाटतं, पण परीक्षकाला हरकत घ्यायला काही उरत नाही.

थांबायचं कधी? नवीन पेपर उघडला की त्याच्या यादीतली सगळी नावं ओळखीची निघू लागली, आणि नव्या शब्दांनीही तेच लेख परत येऊ लागले, की शोध बंद करून नमुने गोळा करायला लागा. मधल्या काळासाठी स्कॉलरमध्ये तुमच्या मुख्य शोधावर अलर्ट लावून ठेवा, दोन्ही स्पेलिंगांसाठी वेगवेगळा. प्रबंध सादर करण्याच्या महिनाभर आधी वहीतल्या त्याच ओळी त्याच शब्दांनी पुन्हा चालवा आणि नवी तारीख टाका. काम झाल्यावर ज्या ग्रंथालयांनी बसू दिलं तिथे एकेक प्रत द्या, आणि वहीची झेरॉक्स प्रबंधाच्या परिशिष्टात जोडा.